वाचली, दोनदा

“हळू बोल, पण वाक्य पूर्ण करत जा.”

बाबांचा आवाज आता माझ्यापाशी एवढ्या एका वाक्यापुरता उरला आहे. ते टेलिफोन खात्यात होते. दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कुणाची लाइन मधेच तुटली की त्यांच्याच जिवाला चुटपुट लागायची. मी लहानपणापासून मऊ आवाजाची. शाळेत सगळे म्हणायचे, जरा मोठ्यानं. बाबा तसं कधी म्हणाले नाहीत. आवाज देवानं दिलाय, तो असू दे तेवढाच. वाक्य तुझं आहे, ते अर्ध्यावर टाकू नकोस.

बाबा गेले, आणि घरात माझी वाक्यं वहिनी पूर्ण करायला लागली.

“वहिनी, मला आज जरा...”

“डोकं दुखतंय ना? थांब, चहा टाकते.”

डोकं दुखत नसायचं. पण चहा यायचा, आलं घातलेला, मायेनं केलेला – आणि खरं काय ते सांगायचं राहून जायचं. दादाशी तर तेवढंही नाही. तो वर्तमानपत्राआडून “हं” म्हणायचा, आणि त्या एका “हं”मध्ये माझं बोलणं सुरू होऊन संपलेलं असायचं.

म्हणून मी एक नेम धरला. सकाळी देवापुढे हात जोडून झाले की चहाच्या आधी एक ओळ लिहायची. पूर्ण. ताप असो, घाई असो, घरात पाहुणे असोत. नेम आपण धरतो असं आपल्याला वाटतं... खरं तर तोच आपल्याला धरून असतो.

मी दात बनवते. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग पटकन ओठ मिटतो. एका जुन्या इमारतीच्या तळघरात आमची लॅब आहे. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे येतात, त्यांवरून साचे ओततात आणि मी त्या साच्यांवर मेणाचे दात कोरते. वरच्या मजल्यावर ते पक्के होतात. माझ्या टेबलावर छोटी ज्योत, तापलेली सुरी, गरम मेणाचा वास. खिडकी नाही. भिंतीमागे लिफ्टचा खड्डा आहे. दिवसभर तिथे काहीतरी जड सरसरत खाली येतं आणि पुन्हा वर निघून जातं.

शेजारच्या टेबलावर पॉलिशवाली. सगळा दिवस मशीनच्या घरघरीवर बोलायची सवय, त्यामुळे मशीन बंद असलं तरी तिचा आवाज चालूच. तिनं एकदा माझ्या खांद्यावरून ओळ वाचली.

“अगं, ही कविता आहे.”

“छे, हा नुसता माझा...”

“नेम आहे, माहितीये. म्हणजे तू नेमानं कविता करतेस,” ती म्हणाली, आणि माझ्याच मोबाइलवरून मला तिच्या समूहात घालून मोकळी झाली.

समूहाचं नाव ‘पाठराखण’. सगळे हौशी कवी. खऱ्या नावानं कुणीच नाही. पॉलिशवाली तिथे ‘चमक’ होती, मी झाले ‘मेण’. समूह चालवायच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. त्यांनी एक पद्धत घालून दिली होती – प्रत्येक कवीला एक पाठराखा नेमलेला. कविता पडली की तिच्याखाली पहिला शब्द पाठराख्यानं लिहायचा, मग इतरांनी. कविता टाकून वाट बघणाऱ्याचं काय होतं, ते बाईंना ठाऊक असावं. आणि एकच अट. जे बोलायचं ते चांगलंच.

माझा पाठराखा होता ‘जिना’.

माझी पहिली कविता खिडकीवर होती. खिडकीत चंद्र, चंद्राला पडदा, पडद्याआड मी... ती टाकली आणि देवाचं नाव घेत बसले. बऱ्याच वेळानं जिन्याचा शब्द आला.

“वाचली.”

बस. त्याच्याखाली मात्र बांध फुटला. फुलं, टाळ्या, ‘अप्रतिम’, ‘काळजाला भिडली’. मी हरभऱ्याच्या झाडावर बरीच उंच चढले. पण ते “वाचली” बुटातल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

दुसरी कविता – “वाचली.” तिसरी – “वाचली.” आलेला माल तपासून सही करावी तसं.

शेवटी मी त्याला वेगळा निरोप पाठवला. लिहिताना माझं वाक्य तुटत नाही. तुटतं ते तोंडात.

“तुम्ही माझे पाठराखे आहात. एखादा बरा शब्द लिहायला हात दुखतात का?”

“‘वाचली’ हा बरा शब्द आहे. बाकी कुणी लिहिलेला पाहिलात?”

“म्हणजे बाकीचे न वाचता दाद देतात, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“मी कुठे काय म्हटलं? चांगलंच बोलायची अट आहे.”

मी मोबाइल पालथा ठेवला. मग सुलटा केला.

“तुम्हाला माझ्या कविता आवडत नाहीत.”

“सांगू? रागवाल.”

“मी रागवत नाही.”

“हे रागातच लिहिलंय.”

“सांगा.”

“खिडकी खोटी आहे. तिसऱ्या कवितेत तुम्ही म्हणता, दिवस उजाडलाय का ते बघायला मला जिना चढून वर जावं लागतं. म्हणजे बसता तिथे खिडकी नाही. मग चंद्र आणला कुठून?”

मी रागावले. अशी, की सुरी नको तेवढी तापली आणि कुणाच्या तरी दाढेचं मेण ओघळून गेलं. दाढ पुन्हा कोरायला बसले... आणि कोरता कोरता लक्षात आलं, की कुणीतरी माझ्या दोन कविता शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या होत्या. माझ्या तर घरातही कुणी माझी दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचाच निरोप आला.

“तुमच्याकडे खिडकी नाही म्हणून कळवतो. बाहेर पाऊस भुरभुरतोय. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादर विसरलंय. भिजून इतकी जड झालीये की वारासुद्धा तिचा नाद सोडून गेला.”

“मी मागितलं नव्हतं,” मी लिहिलं. मेण गार होईपर्यंत थांबले. मग राहवलं नाही. “चादर काढली का कुणी?”

“नाही. घरात सगळे एकमेकांना सांगत असतील, तू जा.”

मी हसले. पॉलिशवालीनं मशीन बंद केलं. “काय गं?”

“काही नाही, ते एक...”

“पुरुष आहे,” तिनं माझं वाक्य पूर्ण केलं आणि मशीन परत सुरू केलं.

तेव्हापासून रोज दुपारी खिडकी यायला लागली. कधी विजेच्या तारेवर ओळीनं बसलेले कावळे – ‘एकाला जागा नाही, तो सगळ्यांना नावं ठेवतोय’. कधी आभाळाचा रंग – ‘कालच्या चहासारखं’. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टचं यंत्र गच्चीवर असतं, म्हणून त्याच्या वाट्याला आभाळ, मी तळघरात.

“लिफ्टवाले आणि नाव ‘जिना’?” मी एकदा विचारलं.

“लिफ्ट बंद पडल्यावरच लोकांना जिन्याची आठवण येते. तेवढा मान पुरतो मला.”

तो स्वतः कविता क्वचितच टाकायचा. एक मला पाठ झाली होती. बंद लिफ्टमध्ये अडकलेली माणसं दाराआडून त्याच्याशी काय काय बोलतात, रडतात, घरच्या गोष्टी सांगतात. आणि तो दार उघडतो, तेव्हा त्याच्या तोंडाकडे न बघता निघून जातात. तिच्याखाली सगळ्यांनी गुलाब ठेवले होते. मी लिहिलं, “वाचली.”

ते वाचून तो हसला असणार. मला ते दिसलं नाही, पण माझ्या कानशिलांना कळलं.

एका सकाळी चहाच्या आधी एक ओळ आली. तिच्यामागून दुसरी आली... चहा गार झाला. वहिनी म्हणाली, बरं नाहीये वाटतं. मी लिहीत राहिले.

*मी दात करते. ज्याचे, तो मला दिसत नाही.*
*तो हसेल तेव्हा मी खाली असेन, दिव्याशी.*
*पण कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी विनोदावर*
*माझ्या बोटाचा एक वळसा उजेडात येईल.*

कविता टाकली. समूह शांत होता – पहिला शब्द पाठराख्याचा. मी हातातला साचा उगाच पुसत बसले.

“वाचली,” आलं. मग थोडं थांबून, खाली आणखी एक शब्द –

“दोनदा.”

अप्रतिम, काळजाला भिडली, हे सगळं त्याच्यानंतर आलंच असेल. मला आठवत नाही. त्या एका ‘दोनदा’नं माझं तळघर उजळून निघालं होतं.

*

“तुमच्या भिंतीमागे काहीतरी सरसरतं म्हणून लिहिलंत ना,” त्यानं एकदा लिहिलं, “ते वजन आहे. लिफ्ट वर जाते तेव्हा ते खाली येतं. त्याच्याशिवाय लिफ्ट वर जाऊच शकत नाही. लिफ्टच्या खड्ड्याला लागून तळघरात दातांची लॅब असलेली इमारत मला माहीत आहे. तिच्या लिफ्टची देखभाल माझ्याकडे आहे. मी काही न सांगता येऊ शकलो असतो. पण विचारतो. येऊ का?”

मी कितीतरी वेळ उत्तर लिहून खोडत होते. शेवटी लिहिलं, “लिफ्ट कुरकुरते हल्ली.”

दोन दिवसांनी भिंतीतून टकटक झाली.

“उंदीर,” पॉलिशवाली म्हणाली.

मी सुरीच्या मुठीनं भिंतीवर टकटक केली. पलीकडून पुन्हा टकटक.

“उंदीर असा उत्तर देतो होय?” ती म्हणाली, आणि मोठ्या समजूतदारपणे साचे धुवायला निघून गेली. जाताना नळ फुल्ल सोडला, आम्हाला आडोसा म्हणून.

तो दारात आला. उंच नव्हता. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, हातांना ग्रीस, आणि ते हात कुठे ठेवावेत ते न कळून अंगापासून लांब धरलेले. माझ्या बोटांवर मेण. नमस्कार करायची दोघांचीही सोय नव्हती.

“मी... जिना.”

“मी...” म्हणाले आणि माझं नेहमीसारखं झालं. पुढचं येईना. मला वाटलं, आता हा म्हणेल, ‘मेण ना?’ सगळे म्हणतात. सगळे माझ्या तोंडातला घास घ्यावा तसं माझं वाक्य घेतात. तो काहीच म्हणाला नाही. हात लांब धरून उभा राहिला. भिंतीमागे वजन खाली आलं, वर गेलं. त्याला कसली घाई नव्हती.

“मी मेण,” मी म्हणाले. “आणि तुमची चादर मला फार आवडली होती.”

हे माझं कुणा परक्या पुरुषापुढचं पहिलं पूर्ण वाक्य.

“काढली ती. तिसऱ्या दिवशी,” तो म्हणाला. “एका आजोबांनी. शिव्या देत.”

तो माझं टेबल बघत होता. ज्योत, सुऱ्या, मांडून ठेवलेली अनोळखी हसू. मग माझ्याकडे बघितलं.

“असं काय बघताय?”

“एकदाच बघितलं.”

“खोटं.”

“बरं,” तो म्हणाला, “दोनदा.”

*

मग समूहाचा मेळावा ठरला. पहिल्यांदाच सगळे समोरासमोर भेटणार होते – रविवारी, वाचनालयाच्या सभागृहात. मोठ्या बाईंनी जाहीर केलं की सुरुवात ‘मेण’च्या खिडकीच्या कवितेनं होईल. समूहाची सर्वांत लाडकी कविता. मला अभिनंदनं आली, फुलं आली. “ती नको, दुसरी वाचते,” एवढं मी लिहिलं, पण फुलांच्या ढिगाखाली ते कुणाला दिसलं नाही.

त्याच आठवड्यात ‘निशिगंध’ नावाच्या एका जुन्या सभासदानं कविता टाकली आणि वर लिहिलं, मनमोकळं सांगा. जिन्यानं मनमोकळं सांगितलं. “वाचली. मागच्या महिन्यातलीच आहे. फक्त फूल बदललंय.”

खरं होतं. मोगऱ्याच्या जागी जाई आली होती. पॉलिशवाली हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी राहिली. पण समूहात गदारोळ उठला, आणि संध्याकाळपर्यंत बाईंनी लिहिलं, “आपल्या अंगणात काटे चालत नाहीत.” जिन्याला काढून टाकलं. माझी पाठराखण बाईंनी स्वतःकडे घेतली.

मी काहीच बोलले नाही. बोलणार होते. शब्द जमवत होते. तेवढ्यात चूक झाली.

वरच्या मजल्यावर एका कामाची सूचना पाठवायची होती. घाईत ती ‘पाठराखण’मध्ये गेली.

*वरचे पुढचे सहा.*
*छटा किंचित पिवळी ठेवा, माणूस चहाबाज आहे.*
*सुळ्यावर जुनी चीर आहे, ती तशीच राहू द्या;*
*घरच्यांना तिचीच सवय आहे.*
*शनिवारी हवेत.*

मी ती पुसायला धावले. पण बाईंचा शब्द आधीच पडला होता – “शनिवारची ही व्याकूळ प्रतीक्षा! व्वा.” त्याच्याखाली फुलं. ‘किती खोल.’ ‘शेवटची ओळ काळजात रुतली.’ आणि निशिगंधनं लिहिलं होतं, ‘चंद्राची प्रतिमा तर केवळ लाजवाब.’

चंद्र कुठेच नव्हता.

पॉलिशवाली पोट धरून हसत होती. मीही हसले... आणि हसता हसता डोळे भरून आले. याच फुलांवर मी इतके दिवस जगत होते. आणि ज्यानं माझ्या ओळींत खिडकी आहे की नाही हे शोधलं होतं, त्याला मी एका शब्दानं अडवलं नव्हतं – “त्यांना काढू नका” एवढं छोटं वाक्य, तेही माझ्याकडून निघालं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला लिहिलं, “कुठे आहात?”

“तुमच्या डोक्यावर. गच्चीत.”

मी लिफ्टनं गेले नाही. जिना चढले. वर पोचले तेव्हा धाप लागली होती, ऊन डोळ्यांत घुसत होतं, आणि तो यंत्राच्या खोलीच्या सावलीत डबा उघडून बसला होता. मी मोबाइल त्याच्या पुढ्यात धरला. त्यानं ती चिठ्ठी वाचली. सावकाश, ओठ हलवत.

“ही कामाची चिठ्ठी आहे,” तो म्हणाला.

“हो.”

“पण खिडकीपेक्षा बरी आहे.”

मला हसावं की रडावं कळेना.

“तुम्हाला काढलं,” मी म्हणाले, “तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी...”

तो थांबला. मला पुढे सुचेपर्यंत थांबला.

“मी बोलणार आहे.”

“माझ्यासाठी भांडू नका. अहो, मला दारातून बाहेर काढतात याची सवय आहे. दार मीच उघडून देतो.” त्यानं डब्याचं झाकण उगाच लावलं, काढलं. “एकच वाईट वाटलं. आता तुमच्या कवितेखाली पहिला शब्द माझा नसणार. मला त्याची... म्हणजे मी दिवसभर...”

आता त्याचं वाक्य तुटलं. मी ते पूर्ण केलं नाही. वारा होता, तारा हलत होत्या, यंत्र सुरू होऊन बंद झालं. मी वाट बघितली.

“मी दिवसभर तुझ्या ओळीची वाट बघतो,” तो म्हणाला. मग आपण काय बोललो ते कळून कानापर्यंत लाल झाला. “तुमच्या.”

“तुझ्या चालेल,” मी म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “उद्यापासून ओळ आधी तुला. चहाच्याही आधी.”

“मग मला एक वचन दे. रविवारी खिडकी वाचू नकोस. दातांची वाच. सगळ्यांसमोर, शेवटच्या ओळीपर्यंत.”

“आणि तू?”

“मी मागच्या रांगेत. पाठराखा पाठीमागेच बसतो.”

*

त्याच दुपारी मी मोठ्या बाईंना फोन लावला. त्यांचा आवाज अगदी वर्गातला.

“बोल गं मेणबाई. सराव झाला का खिडकीचा?”

“बाई, मी खिडकी वाचणार नाही. दातांची वाचणार आहे.”

“दात? अगं, सुरुवातीला दात कसे चालतील? लोकांना काहीतरी गोड...”

“गोड खाऊनच माझ्याकडे येतात लोक.”

बाई हसल्या. मग त्यांना आपण हसल्याचं आठवलं असावं. “हे त्या जिन्यानं शिकवलेलं दिसतंय.”

“नाही बाई. त्यांनी फक्त वाचलं. आणि ते रविवारी येणार आहेत, मागच्या रांगेत बसणार आहेत. माझे पाठराखे तेच.”

“मी त्याला काढलंय.”

“समूहातून काढलंय. माझ्या पाठीमागून तुम्ही त्यांना काढू शकत नाही.”

माझा आवाज नेहमीएवढाच होता, तसूभर मोठा नाही.

“तुला माहितीये,” बाई मग हळू म्हणाल्या, “मी कॉलेजात असताना एकानं माझी कविता भर वर्गात वाचून दाखवली होती. नक्कल करत. सगळे हसले. त्यानंतर मी आजतागायत कवितेला हात लावलेला नाही. माझ्या दारात कुणावर ती वेळ येऊ नये, एवढंच माझं म्हणणं.”

तेव्हा मला समजलं. एवढ्या दिवसांत बाईंची स्वतःची कविता कुणी पाहिलेली नव्हती. सगळ्यांना फुलं देणाऱ्या बाई स्वतःच ओसाड बसल्या होत्या.

“बाई, हसणं वेगळं आणि वाचणं वेगळं,” मी म्हणाले. “माझी आज सकाळची ती शनिवारची कविता म्हणजे कामाची चिठ्ठी होती. चुकून आली. तिच्यात चंद्र नव्हता.”

मला वाटलं, लाइन तुटली.

“नव्हता?” बाईंचा आवाज आला.

“नव्हता.”

“मी... वाचली नव्हती गं नीट.”

“तुमची ती कॉलेजातली कविता असेल कुठे, तर मला द्याल? मी दोनदा वाचेन.”

बाईंनी घसा साफ केला. मुख्याध्यापिका परत आली. “विषय बदलू नकोस. मेळावा माझा आहे. तू खिडकी सोडून दुसरं काही सुरू केलंस, तर मी माइक बंद करू शकते, लक्षात ठेव.”

“करा बाई,” मी म्हणाले. “माझा आवाज लहान आहे. माइक बंद असला की लोक गप्प बसून ऐकतील.”

फोन ठेवला, तेव्हा पॉलिशवालीचं मशीन बंद होतं; तिनं सगळं ऐकलं होतं.

*

रविवारी सकाळी हात जोडले, ओळ लिहिली, त्याला पाठवली. “वाचली,” आलं. खाली – “मी निघालोय.”

मी साधीच निळी साडी नेसले. कविता कागदावर घेतली नाही. ती माझ्या बोटांत होती. चपला घालत होते, तेव्हा दादानं वर्तमानपत्राआडून विचारलं, “रविवारी कुठे?”

“दादा, मी जरा...”

“मैत्रिणीकडे चाललीये,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. “जाऊ दे तिला, आठवडाभर त्या तळघरात...”

“वहिनी,” मी म्हणाले, “थांबा जरा.”

आवाज लहानच होता. पण वहिनी हातात पोळपाट घेऊन तशीच दारात थांबली, आणि दादाचं वर्तमानपत्र खाली आलं. कितीतरी दिवसांनी मला त्याचा पूर्ण चेहरा दिसला. बाबांसारखी हनुवटी आहे त्याची.

“मी कविता लिहिते, हे तुम्हाला माहीत नाही. आज ती सभागृहात वाचणार आहे, कुणाला आवडो न आवडो, शेवटच्या ओळीपर्यंत. तिथे मागच्या रांगेत एक माणूस बसलेला असेल. तो लिफ्ट दुरुस्त करतो, माझं बोलणं संपेपर्यंत थांबतो, आणि मला तो आवडतो. परत येताना मी त्याला घरी घेऊन येणार आहे.”

वहिनीनं तोंड उघडलं. सवयीनं. पूर्ण करायला काही उरलंच नव्हतं. तिनं तोंड मिटलं; आणि मग तिच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं.

“चहा घेतो का तो?” तिनं विचारलं.

“हं,” दादा म्हणाला. पण या वेळचं “हं” वर्तमानपत्राबाहेर होतं. त्याचा अर्थ मला अजून लागायचा होता, आणि तो लागेपर्यंत थांबायला मला वेळ नव्हता.

मी दार हलकेच ओढून घेतलं. बाहेर भुरभुर पाऊस होता, ओल्या मातीवर पाखरं उतरत होती, समोरच्या गच्चीवर कुणाची तरी चादर. आज मला कुणी कळवायला नको होतं. मी छत्री उघडली, कवितेची पहिली ओळ ओठांतल्या ओठांत म्हटली, आणि सभागृहाच्या दिशेनं चालायला लागले.